उजव्या खुंटीवरचा लाल मोजा

सोमवार, ३ मार्च

बायकोने ही वही हातात ठेवली आणि म्हणाली, "दिवसभराची बडबड यात करा. माझ्या कानांना जरा सुट्टी द्या." तर वहीबाई, आता तुमचे कान.

आजपासून मी गाड्या धुतो. उभा जन्म चपलांच्या दुकानात गेला, लोकांचे पाय मांडीवर घेऊन. दुकान बंद पडलं तसं ताईने विचारलं, "धांदरटा, येतोस का माझ्याबरोबर?" ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मला लहानपणापासून धांदरट म्हणते, आणि ते काही खोटं नाही. आज पहिल्याच दिवशी मी घाईघाईत दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेलो. चपलांच्या दुकानातला माणूस! ताईच्या ते लक्षातच आलं नाही, म्हणून वाचलो. नाहीतर वर्षभर पुरलं असतं तिला.

ताईने गॅरेजच्या रंगखोलीत गाड्या रंगवल्या, अगदी केस पांढरे होईपर्यंत. पांढऱ्या रंगाचेच इतके प्रकार सांगायची की आपण गप्प बसावं. हा दुधाचा पांढरा, हा खडूचा, हा आजारी माणसाच्या चेहऱ्याचा. मालक स्वतः तिला विचारून रंग घोटायचा. अशी सोन्यासारखी नोकरी तिने अचानक सोडली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "कंटाळा आला." ताईला आणि कंटाळा! पण तिच्याशी वाद कोण घालणार?

जागा टायरवाल्याची, त्याच्या दुकानामागचं अंगण. वर पत्रा, एक नळ, एक गटार, भिंतीला खुंट्या. टायरवाला म्हणाला, "मे अखेरपर्यंत बघा. जम बसला तर जागा तुमची. नाही बसला तर मला टायर रचायला हवीय." तो गेल्यावर मी सहज म्हणालो, "नाही जमलं तर नाही जमलं, काय आभाळ कोसळतंय?" ताई माझ्यावर अशी उखडली! "नाही जमलं तर तू दुसऱ्या दुकानात जाशील. मी काय करू? घरी बसून भिंती पुसू? हात चालायचे थांबले की मी संपले, समजलं?"

नंतर पहिली गाडी आली, धुळीने माखलेली. मी उत्साहाने फडकं काढलं आणि टपावरची धूळ झटकायला लागलो. ताई आतून ओरडली, "थांब! कोरडं फडकं फिरवतोयस ना? आवाज येतोय मला!" धूळ म्हणजे वाळू, म्हणे. कोरडी पुसली की ती फडक्याखाली धरली जाते आणि रंगावर रेघा मारत जाते. आधी नुसत्या पाण्याने भिजवून, वाहवून न्यायची, मगच हात लावायचा. आवाजावरून ओळखलं बयेने. मी तर थक्क झालो.

बुधवार, ५ मार्च

ताईचे नियम लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

दोन बादल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. धुवायचा हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग साबणात बुडवायचा. एकाच बादलीत धुणारा माणूस गाडीचीच घाण गाडीला परत फासतो. वरून खाली यायचं, कारण खाली चिखल असतो. हात सरळ रेषेत चालवायचा, गोल गोल कधीच नाही. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल सगळं उतरवून ठेवायचं. शर्टाच्या बटणांचंही तिला वावडं. मला उलटा अंगरखा घातलाय, गाठ पाठीमागे. आरशात बघितलं तर मी न्हाव्याकडे बसलेल्या गिऱ्हाइकासारखा दिसत होतो.

हातमोजे दोन, मऊ लोकरीसारखे. निळा गाडीच्या अंगासाठी, तो डाव्या खुंटीवर. लाल फक्त चाकांसाठी, तो उजव्या खुंटीवर. चाकांवर ब्रेकचा कीस बसतो, बारीक लोखंडाचा. तो मोज्यात अडकला की धुवूनही निघत नाही. "लाल मोजा बॉनेटला लागला तर समज, सुरीच फिरवलीस," ताई म्हणाली. जमिनीवर पडलेलं फडकं तिच्या लेखी मेलेलं. उचलून झटकून परत वापरायचं नाही, सरळ फरशी पुसायच्या पिशवीत. आज मी तीन मारली. तिला पडल्याचं कळतं कसं, देव जाणे. मी तर ओल्या फडक्याचा आवाजही ऐकला नाही.

बुधवार, १२ मार्च

आज आमची शाळा भरली. ताईने गॅरेजमधून मोडीत निघालेलं एक काळं बॉनेट आणून भिंतीवर टांगलंय. त्यावर चिकटपट्टीचे चौकोन पाडले आणि मला म्हणाली, "आता प्रत्येक चौकोनाची वाट लाव. वेगवेगळ्या तऱ्हेने." वाट लावायला माझ्याइतका लायक माणूस सापडला नसता. जीव ओतून काम केलं मी.

एका चौकोनावर कोरडं फडकं. एकावर भांडी घासायची घासणी, कारण पाखरांची घाण लोक तिनेच घासतात. एकावर यंत्राच्या ब्रशचा तुकडा. पेट्रोल पंपावर जी फिरते ब्रश असलेली धुलाई असते ना, आदल्या गाड्यांची वाळू त्या ब्रशांत बसलेली असते. एका चौकोनावर भांड्यांचा साबण. त्याने ओरखडा येत नाही, पण रंगावर दिलेला मेणाचा हात निघून जातो. पूर्वी पाण्याचे मणी होऊन घरंगळत होते, आता पाणी बसकण मारतं. एक चौकोन उन्हात तापवून त्यावर फेस सुकू दिला. त्याचे पांढरे डाग पडले ते आता जाता जात नाहीत. आणि एके ठिकाणी खडा लागून रंगाला टवका होता, तिथे पाण्याची गन अगदी जवळ धरली. पापुद्रा असा उडाला की मी मागे सरलो. मधला चौकोन मात्र आमचा. रोज नियमाने धुवायचा.

मग ताईने टॉर्च घेतला, तिरका धरला आणि मला विचारलं, "काय दिसतंय? एकेक सांग." मी सांगत गेलो. ब्रशाच्या चौकोनात बारीक गोल रेघा, कोळ्याचं जाळं. फडक्याच्या चौकोनात आडव्या. "किती खोल? टोकाला पांढऱ्या दिसतात का?" ती विचारतेय, मी सांगतोय. शाळेतल्या बाईंना उत्तर माहीत असतंच, तरी त्या पोराच्या तोंडून वदवून घेतात, अगदी तसं. मध्येच म्हणाली, "छान बघतोस रे तू." उभ्या आयुष्यात ताईने माझी पहिल्यांदा स्तुती केली. घरी आलो ते शीळ घालत.

गुरुवार, २० मार्च

आज ताईचा खरा हात बघितला. ती पातळ प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी घालते आणि धुतलेल्या रंगावरून बोटं फिरवते. पिशवीतून बारीकसा कणही खड्यासारखा लागतो. मी करून बघितलं, खरंच लागतो. पण ताई हे डोळे मिटून करते! एका पांढऱ्या गाडीच्या दारावर हात थांबला आणि म्हणाली, "हे दार परत रंगवलंय. घाईत. सुकू न देता." गाडीचा मालक म्हणाला, अहो, दोन वर्षांपूर्वी ठोकली होती, तुम्हाला कोणी सांगितलं? तो जाताना वाकून नमस्कारच करायचा बाकी होता.

असा हात जगात दुसरा नसेल. मी बायकोला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "डोळे मिटून?" मी म्हटलं, हो, मिटून! ती परत चिरायला लागली. बायकांना दुसऱ्या बाईचं कौतुक ऐकवत नाही, दुसरं काय.

गुरुवार, २७ मार्च

एक गंमत नोंदवतो. आमच्या घरात नणंद आणि भावजय म्हणजे विळा-भोपळा. अख्खी हयात एकमेकींच्या चहात साखर कमी काढण्यात गेली. आणि आता? आज चौकात बघितलं तर ताईने माझ्या बायकोचा हात धरलेला, रस्ता ओलांडताना, लहान मुलीसारखा. दर गुरुवारी दोघी मिळून बाजारात जातात. येताना पिशवी रिकामी. "काय आणलं?" विचारलं तर बायको म्हणते, "भाव बघून आलो." भाव बघायला दोघी कशाला लागतात? पण प्रेम जडलंय ना, मग माझं काय जातं.

एकच खटकलं. ताई चहा ओतताना आताशा कपात बोट घालते. मी म्हटलं, "शी, ताई!" तर म्हणाली, "माझं बोट तुझ्या तोंडापेक्षा स्वच्छ आहे."

शुक्रवार, ४ एप्रिल

मोठी बातमी! काळ्या गाड्यांच्या बाई आल्या होत्या.

या बाईंच्या सहा काळ्याभोर गाड्या आहेत, भाड्याने जातात. लग्नालाही त्याच आणि मयतीलाही त्याच, फक्त फुलं बदलतात. नवरा गेल्यापासून एकहाती धंदा सांभाळतात. उंच, करारी, बोलणं मोजकं. आजवर गाड्या ब्रशच्या यंत्रात जायच्या. उन्हात उभ्या केल्या की सगळ्या अंगावर जाळं दिसतं, आणि परवा एका नवऱ्या मुलीच्या बापाने तोंडावर म्हटलं, गाडी जुनी दिलीत.

बाईंनी आमचं टांगलेलं बॉनेट बघितलं. चौकोन चौकोन, सावकाश. मग म्हणाल्या, "एक गाडी पाठवते. महिनाभर तुम्हीच धुवा. मला पटलं तर सगळ्या तुमच्या." टायरवाला दारात कान टवकारून उभाच होता. बाई गेल्यावर म्हणाला, "या सहा आल्या तर मी टायर माझ्या डोक्यावर रचेन, पण जागा तुमची."

आणि ताईचा रुबाब काय सांगू! एवढ्या बड्या बाईशी बोलताना तिच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. खांद्याच्या जरा बाजूला नजर, जणू तिथे दुसरं कोणी उभं आहे. बाईच तिच्याकडे टक लावून बघत होत्या. मला कोणा गिऱ्हाइकाशी असं वागणं सात जन्मांत जमायचं नाही.

बुधवार, ९ एप्रिल

काळी गाडी पहिल्यांदा धुतली. काळा रंग म्हणजे चुगलखोर, काही म्हणून लपवत नाही. ताईने पाणी सोडलं, मी चाकं केली, तिने अंग केलं. तिचा हात बॉनेटवरून जातो तो पट्टी लावून आखल्यासारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाठ फिरवून उभा राहिलो तरी नुसत्या आवाजावरून कळतं, ताईचा हात चाललाय. मग मेणाचा हात दिला. संध्याकाळी गाडी बाहेर काढली तर बॉनेटमध्ये मला माझंच थोबाड स्वच्छ दिसलं, नको तितकं. मी म्हटलं, "ताई, बघ तरी!" ती म्हणाली, "तू सांग ना." मी सांगितलं. आभाळ दिसतंय, विजेची तार दिसतेय, तारेवरचा पक्षी दिसतोय. ती हसत होती. फार दिवसांनी अशी हसली.

शुक्रवार, १८ एप्रिल

वहीबाई, आज घात झाला.

काळी गाडी दुसऱ्यांदा आली. संध्याकाळी लग्नाला जायची होती. सकाळी टायरवाल्याने मला हाक मारली, शिडी धरायला. परत आलो तोवर ताईने एकटीने अंग धुवून काढलं होतं. ओली गाडी सुंदरच दिसते. पुसली, सावलीतून बाहेर काढली, ऊन पडलं आणि माझ्या हातातलं फडकं जमिनीवर पडलं.

बॉनेटभर रेघा. टपावर रेघा. सरळ, बारीक, पांढुरक्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ताई हात पुसत आली. उन्हात, गाडीसमोर उभी राहिली, हसली आणि म्हणाली, "कशी झालीय? झकास ना?"

मला वाटलं, ही माझी परीक्षा घेतेय. मग वाटलं, टोमणा मारतेय. पण तिचं तोंड तसं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, ओरखडे पडलेत." "कुठे?" असं तिने अगदी हळू विचारलं. मी तिचा हात धरून बॉनेटवर ठेवला. म्हटलं, इथून इथपर्यंत. ती बोटं फिरवत राहिली. इतक्या बारीक रेघा बोटाला लागत नाहीत. शेवटी म्हणाली, "मोजा कुठला होता बघ."

बादलीच्या काठावर लाल मोजा होता.

आणि मग मला आठवलं. काल जाताना घाईघाईत मोजे मीच टांगले होते. लाल डावीकडे टांगला, निळा उजवीकडे. मीच! माझी धांदल नडली. मी तिथेच खाली बसलो. "ताई, माझ्यामुळे झालं सगळं, खुंट्या मीच उलट्या केल्या," म्हटलं. मला वाटलं आता काय ती फाडून खाईल. पण नाही. तिचा हात बॉनेटवर तसाच होता. मग म्हणाली, "ऊठ. पॉलिशचं मशीन काढ. तू बघायचं, मी करायचं."

आधी तिने मला समजावलं. रंगावर एक पारदर्शक थर असतो, कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. ओरखडा त्या थरात असतो. पॉलिश म्हणजे आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवायचा. रेघ जाते, पण थरही जातो, आणि तो परत येत नाही. म्हणून लागेल तेवढंच, तीळभरही जास्त नाही.

मी टॉर्च तिरका धरला. ताईने मशीन लावलं. "आहे का?" "आहे, अजून दोन आहेत." "आता?" "एक राहिली, डावीकडे, हातभर." मध्येच मशीन उचलून ती मनगटाची मागची बाजू पत्र्याला लावून बघायची, तापलाय का म्हणून. जेवायला उठलो नाही. माझं बोलणं आणि तिचा हात असे जुळले की एकदा तर मी बोलायच्या आधीच ती थांबली. वहीबाई, मी घाबरलेलो होतो, पण खरं सांगतो, इतकं देखणं काम मी आयुष्यात बघितलं नाही. लग्नाच्या वेळेआधी गाडी आरशासारखी होती.

मी म्हटलं, "सुटलो! कोणाला काही कळायचं नाही." ताईने माझ्याकडे तोंड वळवलं. "थर पातळ झालाय तिच्या गाडीचा. पुढचा पॉलिशवाला आपल्या अंदाजाने घासेल, तर रंग उघडा पडेल. तिला कळायलाच हवं. उद्या मी सांगणार." "अगं, सहा गाड्या जातील! जागा जाईल! मग तू काय करशील?" माझा आवाज चढला होता. ती म्हणाली, "भिंती पुसेन."

शनिवार, १९ एप्रिल

बाई आल्या. ताईने सगळं सांगितलं. चाकाचा मोजा अंगाला लागला, ओरखडे आले, काढलेत, आता या गाडीला वर्ष-दोन वर्षं पॉलिश करू देऊ नका. बाईंनी विचारलं, "कोणाच्या हातून झालं?"

मी म्हटलं, "माझ्या." त्याच क्षणी ताई म्हणाली, "माझ्या."

"आधी आपसांत ठरवा," बाई म्हणाल्या. मग ताईकडे बराच वेळ बघत राहिल्या. ताई नेहमीसारखी त्यांच्या खांद्याकडे बघत होती. बाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, गाडी घेऊन गेल्या. टायरवाल्याने अंगण मोजायला दोरी आणली. मेल्याला धीर म्हणून नाही.

दुपारी ताई म्हणाली, "बॉनेटवर एक चौकोन मोकळा आहे. लाल मोजा मार त्याच्यावर. लोकांना दाखवायला." मारला. तो चौकोन बघितला की मला माझीच लाज वाटते. माझ्यामुळे ताईच्या हातचं काम जाणार.

शनिवार, २६ एप्रिल

आठवडाभर काळी गाडी आली नाही. ताई बादल्या घासून घासून पातळ करतेय. आज दुपारी बाई एकदम दोन गाड्या घेऊन हजर! माझा जीव भांड्यात पडला. म्हणाल्या, "ब्रशच्या यंत्राने इतकी वर्षं माझ्या गाड्या खरवडल्या, कधी कोणी येऊन सांगितलं नाही. सगळ्या गाड्या तुमच्याकडे. पण एक अट. माझ्या गाडीला हात लावताना तुम्ही दोघंही हजर पाहिजेत. एकट्याने कोणीही नाही."

टायरवाल्याने दोरी गुंडाळून खिशात घातली. ताईने बाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

आनंद झाला, पण ती अट मला झोंबली. म्हणजे मी एकटा असलो तर वाटोळं करणार, असंच ना? मान्य आहे धांदरट आहे, पण तोंडावर बोलायची गरज होती का? घरी आल्यावर बायकोपाशी कुरकुर केली. खुंट्या उलट्या झाल्याची कथा पहिल्यापासून परत ऐकवली. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "अहो, खुंटी चुकली तुमची. पण मोजा लाल होता ना? लाल मोजा हातात घालताना ताईंना तो लाल दिसला नाही?"



रविवार, २७ एप्रिल

काल पुढे लिहवलं नाही.

गुरुवारी दोघी बाजारात जात नव्हत्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात होत्या. ताईने बायकोला शपथ घातली होती, "धांदरटाला सांगशील तर बघ. तो मला घरी बसवेल." डॉक्टर म्हणतात, पूर्ण अंधार होणार नाही. कडेकडेचं दिसेल. पण मधलं पुसलं गेलंय, रंग गेलेत, आणि गेलेलं परत येणार नाही. रंगखोलीत एक दिवस तिला दोन पांढरे एकच दिसले, त्या दिवशी तिने नोकरी सोडली.

मी सगळी वही मागे वाचून काढली आणि लहान पोरासारखा रडलो. माझ्या ताईला दिसत नाहीये, आणि मी बसलोय रुबाब काय, बोट काय, तिचे पोवाडे गात. पक्षी दिसतोय म्हणून सांगितला होता मी तिला. म्हणून हसली होती.

आणि तरी पोवाडा खोटा नाही. न दिसता तिने त्या बॉनेटवरची रेघ न् रेघ काढली. मला धडधडीत दिसत असून दोन पायांत एक जोड घालता येत नाही. मला तिचा इतका अभिमान वाटतोय की कोणाला तरी धरून सांगावंसं वाटतंय, आणि सांगायचं तर नाही. बायको म्हणाली, "बोलू नका. त्यांना सांगायचं असतं तर सांगितलं असतं. काहीतरी करा." मग मी तिच्या शिवणाच्या डब्यातून एक बटण घेतलं. मोठं, चार भोकांचं, कुठल्याशा जुन्या कोटाचं.

मंगळवार, २९ एप्रिल

आज काळ्या गाडीच्या वेळी मी मुद्दाम नळापाशी रेंगाळलो. ताईने खुंटीवरचा मोजा काढला, हात घातला आणि थांबली. अंगठा मनगटापाशी गेला. तिथे आतल्या बाजूला बटण होतं.

"हे काय?"

"बटण."

"गाडीजवळ बटण? काय शिकवलं होतं मी तुला?"

"चाकाचा मोजा आहे तो, ताई. चाकाला चालतं. निळ्याला नाही लावलं."

नळ वाहत होता, मी तो बंदही केला नाही. ती बटणावरून अंगठा फिरवत राहिली, एकदा, परत एकदा, पत्र्यावरून फिरवते तसा. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. म्हटलं, बरं आहे, हिला दिसत नाही. तेवढ्यात ती म्हणाली, "नाक ओढू नकोस."

मग मोजा माझ्या हातात दिला, चाकं माझी म्हणून. निळा स्वतः घेतला. गाडी धुतली, सरळ रेषेत, टपापासून खालपर्यंत. मी टॉर्च धरून बघितलं आणि सांगितलं, एक रेघ नाही. ती म्हणाली, "माहितीय."

निघताना कुलूप लावत होतो, तेव्हा पाठीमागून म्हणाली, "बटण सैल शिवलंयस. चार दिवसांत गळेल. उद्या सुई-दोरा आण, मी घट्ट शिवून देते."

"आणतो," म्हटलं.

दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. माझ्याकडे न वळता म्हणाली, "दोरा ओवून आण."

सुईत दोरा ओवून, गाठ मारून, ती कागदात खोचून ठेवली आहे. बायकोने चष्मा दिला म्हणून जमलं. सकाळी विसरायला नको.